सर्वश्रेष्ठ मालिका कोणती? माझं उत्तर ‘द वायर’. (वाद घालायला या, चहा आपापला आणा)

गोदाकाठचा – शुक्र, रात्री ९:४०

मंडळी,

गेल्या महिन्यात गंगापूर रोडला पावसात स्कूटर घसरली. घोट्याला प्लास्टर, सहा आठवडे सक्तीची विश्रांती. पुस्तकं वाचायची ठरवली होती. वाचली नाहीत. भाच्याने कधीतरी भरून दिलेल्या हार्ड डिस्कवर ‘द वायर’ सापडली आणि पाचही सीझन, साठच्या साठ भाग बघून संपवले. २००२ ते २००८ मधली मालिका. म्हणजे जग जेव्हा बघत होतं तेव्हा मी ‘वादळवाट’ बघत होतो.

पहिले चार भाग काहीच कळलं नाही. बाल्टिमोर नावाचं शहर, गर्द विकणारी पोरं, त्यांना पकडू पाहणारे पोलीस, आणि सगळ्यांच्या तोंडची इंग्रजी अशी की खाली सबटायटल असूनही मागे जाऊन दोनदा वाचावं लागत होतं. हिने तिसऱ्या भागाला विचारलं, “हे पोलीस नुसते गच्चीवर बसून काय बघतात? आपल्या समोरच्या आजोबांसारखे?”

तर ते बघत असतात सार्वजनिक फोनकडे. ती पोरं पेजर वापरतात आणि नंबर सांकेतिक पाठवतात. फोनच्या कीपॅडवर मधला ५ ओलांडून पलीकडचा आकडा घ्यायचा: १ चा ९, २ चा ८, ३ चा ७. राहिले ५ आणि ०, त्यांची अदलाबदल. हे एका पोलिसाच्या ध्यानात येतं. मी प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून वर्तमानपत्राच्या कडेला कीपॅड काढला आणि स्वतःचा मोबाइल नंबर त्या भाषेत लिहून बघितला. वय वर्षं त्रेपन्न.

लिहिणारा डेव्हिड सायमन मूळचा तिथल्याच वर्तमानपत्राचा वार्ताहर. त्याचा जोडीदार एड बर्न्स आधी पोलीस, मग शाळामास्तर. म्हणून पहिल्या सीझनला गल्ली, मग बंदर, मग महापालिकेचं राजकारण, मग शाळा, शेवटी वर्तमानपत्र असं एकच शहर पाच दारांनी आत शिरून दाखवलं आहे. नायक कोणीच नाही.

यापेक्षा मोठी मालिका झाली असेल तर सांगा. अट एकच: मालिका संपलेली हवी. चालू असलेल्या मालिकेचं कौतुक म्हणजे मांडवात बसून संसाराचं कौतुक.

मिसळसम्राट – शुक्र, रात्री ९:४४

पहिला! तर्री घेऊन कोपऱ्यात बसतो आहे. होऊ द्या.

पंचवटी_एक्सप्रेस – शुक्र, रात्री १०:२०

‘सोप्रानोज’. विषय संपला.

संपला नाही तर सविस्तर सांगतो. मी नऊ वर्षं पासवाला. पहाटे उठून नाशिकरोड, पंचवटी, मुंबई, रात्री परत. या नऊ वर्षांत मी कसारा घाटात जेवढ्या मालिका बघितल्या तेवढ्या लोक घरी सोफ्यावर बघत नाहीत. रेंज नसते म्हणून सगळं आधी डाउनलोड करून न्यायचं.

सोप्रानोजचे ८६ भाग, १९९९ ते २००७. न्यू जर्सीचा एक गुंड टोळीप्रमुख, त्याला चक्कर येऊन पडण्याचा आजार, म्हणून चोरून मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे जातो. चक्कर पहिल्यांदा कधी येते? घरच्या पोहण्याच्या टाकीत बदकांचं कुटुंब येऊन राहिलेलं असतं, ते उडून जातं तेव्हा. माणसं मारताना काही होत नाही, बदकं गेल्यावर कोसळतो. एवढ्या एका गोष्टीवर मी पुढची सहा पर्वं बघायला तयार झालो.

आणि त्याची आई! पोटच्या पोराचा काटा काढायला ती दिराचे कान भरते. आपल्याकडच्या तमाम कारस्थानी सासवा तिच्यापुढे पाणी भरतील.

आता शेवट. शेवटच्या भागाचं शेवटचं दृश्य, हॉटेलात कुटुंब जमतं आहे, दाराची घंटा वाजते, तो मान वर करतो... आणि पडदा काळा. माझी गाडी नेमकी तेव्हा बोगद्यात. मला वाटलं बॅटरी संपली. बोगदा संपला, बाहेर उजेड, तरी स्क्रीन काळाच. शेजारच्या दादांना म्हटलं जरा चार्जर द्या. तेवढ्यात नावं वर सरकायला लागली. नंतर वाचलं की अमेरिकेतही कित्येकांना वाटलं होतं आपली केबल गेली.

गोदाकाठचा – शुक्र, रात्री १०:३१

बोगद्याचा किस्सा कडक. पण एक्सप्रेस, तुमची मालिका एका माणसाच्या डोक्यात फिरते. माझी शहरभर फिरते.

पंचवटी_एक्सप्रेस – शुक्र, रात्री १०:३३

डोकं शहरापेक्षा मोठं असतं साहेब. रोज दादरला उतरून बघा, कळेल.

किरकिऱ्या – शुक्र, रात्री ११:०५

नेहमीप्रमाणे ‘जगातली सर्वश्रेष्ठ’ म्हणजे अमेरिकेतली, त्यातही एका वाहिनीची. धागाकर्त्याने ‘मालिका’ची व्याख्या केलेली नाही. साठ भागांचीच मालिका मोठी असते का?

गोविंद निहलानींची ‘तमस’. १९८८, दूरदर्शन, भीष्म साहनींची कादंबरी. सगळी मिळून पाच तासांच्या आसपास. पहिलंच दृश्य: ओम पुरी एका कोंदट खोलीत रात्रभर डुकराला मारायचा प्रयत्न करतो आहे. त्याला जमत नाहीये. ते जनावर, तो घाम, तो कंदील. हे कशासाठी चाललं आहे ते त्याला माहीत नाही, आणि सकाळी ते डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडतं. फाळणी कशी पेटते यावर शंभर व्याख्यानं ऐकली असतील, त्या एका खोलीइतकं कोणी सांगितलं नाही. प्रक्षेपण थांबवा म्हणून लोक कोर्टात गेले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी स्वतः मालिका बघितली आणि दाखवू द्या म्हणाले, पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तेच केलं. तुमच्या वायरसाठी कुठला न्यायाधीश टीव्हीसमोर बसला?

रसायन – शनि, सकाळी ७:५०

रात्रपाळीवरून आलो, धागा दिसला, झोप उडाली.

ब्रेकिंग बॅड. ६२ भाग, २००८ ते २०१३. मी अंबडला एका औषध कंपनीत क्वालिटीत आहे, त्यामुळे नशेचा माल बनवणाऱ्या रसायनशास्त्राच्या मास्तरची गोष्ट म्हटल्यावर पहिल्या दिवसापासून चुका काढायलाच बसलो होतो. एक लगेच सांगतो: तो माल एवढा शुद्ध म्हणून निळा, हे थोतांड आहे. शुद्ध असला तर तो पांढरा किंवा बिनरंगी हवा. रंग दिसला की आमच्याकडे पहिला प्रश्न, यात काय मिसळलं?

पण तिसऱ्या सीझनमध्ये एक भाग आहे, ज्यात प्रयोगशाळेत एक माशी शिरते. बस. अख्खा भाग दोन माणसं आणि एक माशी. सगळे म्हणतात रटाळ, पळवा. अहो, ज्याने क्लीन एरियात काम केलं आहे त्याला विचारा! आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी एक चिलट दिसलं. चिलट. उत्पादन थांबलं, डेव्हिएशन (नियमाबाहेर काही घडल्याची नोंद) नोंदवलं, तीन जणांचे जबाब, कुठून आलं, कोणी दार उघडं ठेवलं, कीटकनाशक फवारणीची वही आणा, पुन्हा होऊ नये म्हणून काय कराल ते लिहून द्या. चिलट सापडलंच नाही. मी महिनाभर स्वप्नात ऐकायचो त्याला. तो भाग संपल्यावर मी घरात उभा राहून टाळ्या वाजवल्या. बायकोला वाटलं भारत जिंकला.

आडगाव_नाका – शनि, सकाळी ८:१५

हहपुवा 😂 “चिलटाचा जबाब घेतला का?”

रसायन – शनि, सकाळी ८:२२

फरार आहे.

निवृत्त_प्रेसवाला – शनि, सकाळी १०:००

तरुण मंडळी, सर्वांना नमस्कार. मी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त. तुम्ही लिहिता त्यातलं निम्मं मला माहीत नाही, पण वाचायला मजा येते आहे.

माझं मत ‘बुनियाद’ला. १९८६-८७. शोले करणारे रमेश सिप्पी आणि लेखणी मनोहर श्याम जोशींची. त्याआधी जोशींनीच लिहिलेली ‘हम लोग’ होती, ज्याच्या शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द बोलायचे आणि आमच्या मातोश्री त्यांना टीव्हीसमोर बसून नमस्कार करायच्या. पण बुनियाद वेगळी. लाहोरचं एक कुटुंब, फाळणी, निर्वासितांची छावणी, मग दिल्ली. आलोकनाथ त्या वेळी जेमतेम तिशीचे, पण मास्टर हवेलीराम म्हणून म्हातारे झाले तेव्हा आम्हाला ते खरोखरच म्हातारे वाटले. पुढे जन्मभर बिचाऱ्यांना कोणी तरुण मानलंच नाही.

आमच्या क्वार्टरच्या मागे कॅम्पातून आलेले एक सिंधी गृहस्थ राहायचे, कापडाचं लहानसं दुकान. त्यांच्याकडे टीव्ही नव्हता. बुनियादच्या दिवशी ते आमच्याकडे यायचे, खुर्ची देऊनही दाराशी उंबऱ्यावर बसायचे. छावणीचे भाग चालू होते तेव्हा एकदा मध्येच उठून गेले. मी मागे गेलो. नळावर तोंड धूत होते. म्हणाले, “साहब, हमारे तंबू का नंबर भी यही था क्या, वो देख रहा था.” पुढच्या आठवड्यात परत आले, उंबऱ्यावरच बसले.

किरकिऱ्यांनी तमसचं लिहिलं ते योग्यच. पण तमस एकदा बघवते. बुनियाद आमच्या घरी वर्षभर मुक्कामाला होती.

मास्तरीणबाई – शनि, सकाळी १०:४०

काका, दंडवत. धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

तपोवनी – शनि, दुपारी १२:१०

लोकहो, नाशिककर म्हणवता आणि रामायणाचं नाव कोणी काढत नाही? ७८ भाग, १९८७-८८, रविवारी सकाळी पंचवटी कारंज्यावर कुत्रं नसायचं. लोक टीव्हीला हार घालायचे, आमच्या आळीत तर धूपसुद्धा. आणि २०२० मध्ये टाळेबंदीत पुन्हा दाखवलं तेव्हा १६ एप्रिलच्या एका दिवसात ७.७ कोटी लोकांनी बघितलं असं दूरदर्शनने जाहीर केलं. आणा तुमचं बाल्टिमोर!

फक्त एक जुनं दुःख आहे. शूर्पणखेचं नाक आमच्याकडे कापलं, म्हणून गावाचं नाव नाशिक. सीतागुंफा आमच्याकडे. तपोवन आमच्याकडे. आणि रामानंद सागरांनी शूटिंग कुठे केलं? गुजरातेत उमरगावला! नाकही गेलं आणि शूटिंगही.

किरकिऱ्या – शनि, दुपारी १२:३०

श्रद्धा आणि मालिका यांत गल्लत होते आहे. गर्दीवरच ठरवायचं तर जगातलं सर्वश्रेष्ठ नाट्य म्हणजे भारत-पाकिस्तान सामना. पौराणिकच हवी असेल तर महाभारत घ्या, ९४ भाग, संवाद राही मासूम रझांचे. रामायणात प्रत्येक जण आधी पाच मिनिटं एकमेकांकडे बघतो, मग बोलतो. महाभारतात माणसं एकमेकांना शब्दांनी सोलतात.

तपोवनी – शनि, दुपारी १२:३४

ते बघण्यातच भाव असतो. तुम्हाला नाही कळायचं, तुम्ही गतीने दीडपट करून बघत असाल.

किरकिऱ्या – शनि, दुपारी १२:३५

दुप्पट.

सिन्नरची_सून – शनि, दुपारी ३:१५

सगळे पुरुष बोलून झाले असतील तर मी बोलू का? (मास्तरीणबाई, तुम्ही वगळून.)

‘चार दिवस सासूचे’. हसा. ई-टीव्ही मराठी, २००१ ते २०१३, तीन हजारांच्या वर भाग. नावात चार दिवस. रोहिणी हट्टंगडी. हो, कथा रबरासारखी ताणली होती, हो, कोणीही कधीही परत यायचं. मला त्यावर वाद नाही घालायचा.

सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा माझ्या लग्नाला दीड वर्षं झालं होतं. त्यांना बोलता नीट येत नव्हतं, माझं-त्यांचं त्याआधीही फार बोलणं नव्हतं. दिवसभर पलंग आणि खिडकी. शीर्षकगीत सुरू झालं की त्यांची बीपीची गोळी द्यायची, हे आमचं घड्याळ. तेव्हा भारनियमन जोरात. सिन्नरला लाइट गेले की गोळीही चुकायची, कारण दोघींनाही वेळ कळायची नाही. मग दुसऱ्या दिवशी पुनःप्रक्षेपण बघून मी त्यांना जेवण भरवताना सांगायचे काय झालं ते. त्या डाव्या हाताने पांघरुणावर थापटी मारायच्या. एक थापटी म्हणजे “मला माहीतच होतं”, दोन म्हणजे “मेली नालायक आहे”. साडेचार वर्षं आम्ही दोघी अशा त्या मालिकेतल्या लोकांबद्दल कुचाळक्या करत होतो. दुसऱ्या कुठल्याही विषयावर आम्ही एवढं बोललो नाही.

तुमच्या साठ भागांत हे झालं नसतं. साठ भाग तीन महिन्यांत संपले असते, मग आम्ही काय केलं असतं?

मिसळसम्राट – शनि, दुपारी ३:३०

तर्री खाली ठेवली आहे. काही बोलत नाही.

पंचवटी_एक्सप्रेस – शनि, दुपारी ३:५२

सूनबाई, मघाशी सासवांवर विनोद केला तो मागे घेतो. तरी एक शंका. यात मालिका मोठी की तुमच्या सासूबाई?

सिन्नरची_सून – शनि, दुपारी ४:०१

सासूबाईच. पण कारण मालिका.

द्राक्षवेल – शनि, सायं ५:२०

ताईंशी सहमत आणि असहमत. रोजच्या मालिकांचा माझा राग एवढाच की संपत नाहीत. आमच्या शेतावर द्राक्षसुद्धा छाटणीपासून साधारण चार महिन्यांत काढणीला येतं, मालिकेतलं लग्न येत नाही. २०१४ मध्ये ‘ज़िंदगी’ वाहिनीवर पाकिस्तानी मालिका लागायला लागल्या. ‘हमसफ़र’ म्हणे फक्त २३ भाग. मी आईला सांगितलं, ही संपली. तिला खरं वाटेना, दोन आठवडे त्याच वेळेला वाहिनी लावून बसायची, पुढचं दाखवतील म्हणून.

मास्तरीणबाई – शनि, रात्री ८:१०

आता मूळ मुद्द्यावर येते, कारण धागाकर्त्याने शाळेचा सीझन एका शब्दात उरकला आहे.

वायरचा चौथा सीझन. पोलिसातून बाहेर पडलेला एक जण (तोच, ज्याने पेजरचा संकेत सोडवला) गणिताचा मास्तर होतो. वर्ग ऐकत नाही. मग तो फाशांवर शक्यता शिकवतो, कारण पोरं गल्लीत फासे खेळतातच. अचानक सगळे हिशोब करायला लागतात. आणि त्या वर्गात एक डुकी नावाचा मुलगा आहे, अंगाला वास येतो म्हणून बाकीचे चिडवतात. मास्तर काय करतो? शाळेत त्याच्या आंघोळीची सोय करतो, त्याचे कपडे धुऊन आणतो. भाषण नाही, मागे व्हायोलिन नाही. कपड्यांची पिशवी हातातून हातात जाते, बस.

मी दिंडोरी तालुक्यात शिकवते. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याहून मजूर येतात, सोबत पोरं. चार-पाच महिने वर्गात, मग गायब. एक मुलगा होता, सातवीत, शेकडेवारी म्हटलं की भिंतीकडे बघायचा. एकदा मी फळ्यावर काहीतरी लिहीत होते आणि तो मागे मित्राला सांगत होता, एका ओळीचं थिनिंग (घडांतले मणी विरळ करणं) करायला किती बाया, किती वेळ, उक्तं घेतलं तर माणशी किती सुटतात, रोजाने गेलं तर किती. त्यात मुकादमाचा हिस्सा वजा. तोंडी! मी खडू ठेवला आणि म्हटलं, हे फळ्यावर येऊन सांग. तो वर्ग माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला वर्ग.

फेब्रुवारीत तो गेला. पुढच्या हंगामात त्याची आई आली, तो नाही. मला वरून विचारणा झाली ती त्याच्याबद्दल नव्हती, प्रगतीच्या तक्त्यात त्याचा रकाना रिकामा का याबद्दल होती. वायरमध्ये हेच आहे, शब्दशः: वरच्यांना आकडा चांगला हवा, मग पोलीस ठाणं असो की शाळा. मी तो सीझन दोनदा सुरू केला आणि दोन्ही वेळा शेवटचे दोन भाग सोडले. डुकीचं काय होतं मला माहीत आहे. बघायचं नाहीये.

म्हणून माझं मत वायरला. पण मनापासून आवडली असं म्हणता येणार नाही.

सातपूरकर – शनि, रात्री ८:५५

बाई +१००.

त्यात भर: लोक वायरचा दुसरा सीझन कंटाळवाणा म्हणतात. बंदरावरचे कामगार, काम घटत चाललेलं, युनियनचा पुढारी कालव्याचा गाळ काढला जावा म्हणून पुढाऱ्यांवर पैसे उधळतो, आणि ते पैसे येतात तस्करीतून. वडील सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत होते, १९९० च्या दशकात ती बंद पडली. त्यानंतर किती तरी महिने ते सकाळी डबा घेऊन निघायचे आणि गेटसमोरच्या टपरीवर बसून यायचे. सोबत अजून दहा-बारा जण. तो सीझन कंटाळवाणा वाटणाऱ्यांनी त्या टपरीवर एक दिवस बसायला हवं होतं.

आडगाव_नाका – शनि, रात्री ९:१०

वायरला एमी पुरस्कार किती मिळाले? दहा-बारा तरी असतील ना एवढी थोर आहे तर?

गोदाकाठचा – शनि, रात्री ९:१४

शून्य. दोनदा नामांकन, दोन्ही लेखनासाठी. मिळाला एकही नाही.

आडगाव_नाका – शनि, रात्री ९:१५

अरे मग तर आपल्या नाशिकचीच आहे ही. गुण आहेत, कोणी विचारत नाही.

संपादक – शनि, रात्री ९:४०

‘खरी मिसळ कोणाची’ या विषयावरचे ११ प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी आधीच सात धागे आहेत. मिसळसम्राट, ही शेवटची ताकीद.

मिसळसम्राट – शनि, रात्री ९:४१

मी मालिकेबद्दलच बोलत होतो. मिसळमालिका.

जुना_वाडा – रवि, सकाळी ११:२५

दोन दिवस वाचतो आहे. वाट बघत होतो कोणीतरी ‘अग्निहोत्र’ म्हणेल. नाशिकच्या धाग्यावर! वाडा नाशिकचा, विसरलात?

त्याआधी एक ओळ ‘प्रपंच’साठी. अल्फा मराठी, १९९९, प्रतिमा कुलकर्णींची. सुधीर जोशी, प्रेमा साखरदांडे, रसिका जोशी. एकत्र कुटुंबातली माणसं एकमेकांशी जशी खरंच बोलतात तशी बोलणारी मराठीतली माझ्या मते एकमेव मालिका. ताणली नाही, वेळेत उठली. मराठीत पहिला नंबर तिचाच. तरी मी लिहायला बसलो ते अग्निहोत्रसाठी.

सप्टेंबर २००८ चा पूर आठवतो ना? दुतोंड्या मारुतीकडे बघून आपण पाणी मोजतो, त्या दिवशी मोजायला मारुती दिसत नव्हता. आमचा वाडा सराफ बाजाराच्या खालच्या अंगाला. माजघरात छातीएवढं पाणी. उतरल्यावर घोटाभर गाळ, त्यात आजोबांची जन्मपत्रिका, तांदळाचा डबा आणि कोणाची तरी एक नवीकोरी चप्पल. दिवाळी गाळ काढण्यात गेली. भिंतींना चुन्याचे दोन हात दिले तरी ओल वर यायचीच.

आणि नोव्हेंबरमध्ये स्टार प्रवाह सुरू झालं, त्यावर अग्निहोत्र. श्रीरंग गोडबोले, सतीश राजवाडे. नाशिकचा वाडा, आठ गणपती, विखुरलेलं घराणं, एक तरुण पोरगा येऊन मुळं शोधतो. विक्रम गोखले, शरद पोंक्षे, मुक्ता बर्वे... आम्ही सगळे ओल्या भिंतीला पाठ न लावता खुर्च्या पुढे ओढून बसलो. पाच मिनिटं झाली आणि आई म्हणाली, “यांच्या वाड्यात ओल कुठे आहे?”

झालं. त्यानंतर रोज आईचं परीक्षण चालू. यांच्याकडे चौकात शेवाळ कसं नाही. एवढ्या मोठ्या वाड्यात भाडेकरू एकही कसा नाही. यांच्या जिन्याची तिसरी पायरी वाजत कशी नाही. मालिकेतला मुलगा वाडा वाचवायचा म्हणत होता आणि आमच्याकडे त्याच आठवड्यात काका बिल्डरला घेऊन आले, टेप लावून चौक मोजला. आई टीव्हीचा आवाज मोठा करून बसली.

वाडा २०११ ला पाडला. आता तिथे चार मजले आणि खाली मोबाइलची दुकानं. एक तुळई मी मागून घेतली, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये तिचा टीव्ही ठेवायचा कट्टा केला आहे.

आता कोणी विचारेल, वायर मोठी का अग्निहोत्र. वायर मी बघितली आहे, मोठी आहे, मान्य. पण तिच्यातल्या कुठल्या घराला ओल आहे की नाही हे मला सांगता आलं नसतं.

किरकिऱ्या – रवि, सकाळी ११:५०

वायरमध्ये रिकाम्या पडक्या घरांचीच रांग आहे, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. चौथ्या सीझनमध्ये त्यातच प्रेतं लपवतात. ओल असणारच.

(बाकी प्रतिसाद आवडला. मी असं सहसा लिहीत नाही.)

तपोवनी – रवि, दुपारी १२:०५

वाचनखूण साठवली. 📌 आणि संपादक, या धाग्यावर किरकिऱ्याने कौतुक केलं आहे, खातं हॅक झालं का बघा.

गोदाकाठचा – रवि, रात्री ९:३०

प्लास्टर उद्या निघतं आहे, त्याआधी धागाकर्ता म्हणून निकाल द्यावा असं काही जण व्यनितून (खासगी निरोपातून) म्हणत आहेत. निकाल बिकाल काही नाही. वायरवरून मी हलत नाही. पण ‘मालिका संपलेली हवी’ ही अट मागे घेतो. सिन्नरच्या ताईंनी लिहिल्यावर ती माझ्याच घशात अडकली होती.

आणि रसायन, माशीचा भाग आज मुद्दाम पुन्हा बघितला. अजूनही रटाळ आहे. क्षमस्व.

रसायन – रवि, रात्री ९:३३

डेव्हिएशन नोंदवलं आहे.

निवृत्त_प्रेसवाला – मंगळ, रात्री ११:४५

नातवाने तुमची ‘वायर’ लावून दिली. सबटायटलची अक्षरं मोठी कशी करायची ते कोणी सांगेल का? कीपॅडचं आधी वाचलं होतं म्हणून तेवढं समजलं, ५ चा ०.

पाच भाग झाले. अजून कोणी कोणाला पकडलेलं नाही. सौ. दुसऱ्या भागालाच झोपल्या. ती पोरं बुद्धिबळाच्या सोंगट्यांनी चेकर्स खेळत बसलेली, आणि तो मोठा मुलगा त्यांना प्यादी म्हणजे काय ते समजावतो, ते मी तीनदा मागे नेऊन बघितलं.

सहावा लावतो आहे.

मास्तरीणबाई – मंगळ, रात्री ११:५२

काका, सहावा उद्या दिवसा बघा. आत्ता नको.